गोष्ट तिच्या हातात हवी: कोसाडच्या वाचनवर्गातले अनुभवाचे बोल

सुरतेत अमरोलीच्या पुढे कोसाड आवास लागतं. एच-१, एच-२ अशा नावांनी ओळखल्या जाणाऱ्या इमारतींच्या रांगाच रांगा. सुरत महापालिकेने शहरातल्या झोपडपट्ट्या उठवल्या आणि तिथली कुटुंबं इथे आणून वसवली. त्यात पोटामागे खानदेशातून आलेली मराठी घरंही आहेत. कुणी शिरपूरचं, कुणी नंदुरबारचं, कुणी अमळनेरचं. पुरुष लूमच्या खात्यात किंवा डाइंगच्या मिलमध्ये जातात. बायका घरी बसून साड्यांवर टिकल्या-मोती चिकटवतात, दोरे कापतात. पोरी शाळेतून आल्या की त्याच कामाला हात लावतात.

मी मराठी शाळेत शिकवते आणि शनिवारी दुपारी घरी मुलींचा वाचनवर्ग घेते. सुरुवातीला गोष्टींची पुस्तकं ठेवली होती. मुली ती चाळत आणि खाली ठेवत. मग रद्दीच्या दुकानातून जुनी कॉमिक्स आणली. राज कॉमिक्स, टिंकल, अमर चित्र कथा, शिवाय इंग्रजी सुपरहिरोंचे काही अंक. त्यांच्यावर मुली तुटून पडल्या. इंग्रजी अंक मी मराठीत सांगत जाते आणि त्या चित्रांवरून बोट फिरवत ऐकतात.

या वर्गाने मला बरंच शिकवलं. त्याचं सार एका वाक्यात सांगायचं तर असं: चित्रातल्या बाईच्या अंगात किती बळ आहे, यापेक्षा गोष्ट तिच्या हातात आहे का, हे पाहावं. पुढचे सगळे बोल त्याच एका वाक्याभोवतीचे आहेत.

१. बळ मोजण्याआधी निर्णय मोजा

आमच्या वर्गात एक रीत आहे. ज्या चौकटीत बाईच्या निर्णयाने गोष्ट पुढे सरकते, तिथे पेन्सिलीने ठिपका द्यायचा. ती नुसती चित्रात असली तर ठिपका नाही. किंचाळली, रडली, कुणाची वाट पाहत बसली, तरीही नाही.

या रीतीने आम्ही वेताळाच्या, म्हणजे फँटमच्या, गोष्टी वाचल्या. टाइम्स ऑफ इंडियाच्या इंद्रजाल कॉमिक्सने मार्च १९६४ पासून वेताळ घराघरांत नेला आणि मराठी वाचकांच्या एका अख्ख्या पिढीला वेड लावलं. त्यातली डायना पामर काही साधी बाई नाही. ऑलिंपिकमध्ये उतरलेली सूर मारणारी खेळाडू आहे, संयुक्त राष्ट्रांत नोकरीला आहे. आमच्या हाती असलेल्या अंकांत मात्र तिला पळवून नेण्याचे प्रसंगच पुन्हा पुन्हा येतात. सातवीतल्या एका मुलीने पेन्सिल हातात धरून सगळा अंक पालथा घातला आणि मान वर करून म्हणाली, "बेन, ही पानोपानी आहे, पण हिला करू काहीच देत नाहीत."

एवढ्या एका वाक्यात समीक्षेचं पुस्तक मावतं. डायनाकडे पदक आहे, हुद्दा आहे, धाडस आहे. गोष्टीची दोरी मात्र दुसऱ्याच्या हातात आहे. त्या मानाने आबिद सुरतींनी १९७६ मध्ये याच इंद्रजालसाठी उभा केलेला 'बहादुर' वाचताना मुलींचे ठिपके वाढले, कारण त्यातली बेला स्वतः लढाईत उतरते. राज कॉमिक्समध्ये नायक ध्रुवची बहीण श्वेता 'चंडिका' बनून लढते आणि भावाला त्याचा पत्ता नसतो. हे मुलींना फार आवडतं. कुणाची परवानगी न मागता घेतलेला निर्णय त्या लगेच ओळखतात.

अमेरिकन चित्रकार अॅलिसन बेक्डेल यांनी १९८५ मध्ये आपल्या एका व्यंगचित्रपट्टीत चित्रपटांसाठी साधी कसोटी मांडली होती. गोष्टीत निदान दोन बायका आहेत का, त्या एकमेकींशी बोलतात का, आणि पुरुष सोडून दुसऱ्या कशाबद्दल बोलतात का. ही कसोटी घरी कुठल्याही मालिकेला लावून पाहा.

२. बाईचं मरण नायकाच्या सूडासाठी वापरू देऊ नका

१९९४ च्या 'ग्रीन लँटर्न'च्या ५४ व्या अंकात नायक घरी येतो तेव्हा त्याच्या मैत्रिणीला, अॅलेक्झांड्रा डेविटला, मारून फ्रिजमध्ये कोंबलेलं असतं. नायक पेटून उठतो आणि गोष्ट पुढे जाते. ती कोण होती, तिला काय करायचं होतं, याला तिथून पुढे जागा उरत नाही. हे दृश्य खटकलेल्या, पुढे स्वतः कॉमिक्स-लेखिका झालेल्या गेल सिमोन यांनी १९९९ मध्ये एक यादी केली. सुपरहिरोंच्या कॉमिक्समध्ये मारल्या गेलेल्या, पांगळ्या केलेल्या, अत्याचार झालेल्या किंवा शक्ती काढून घेतलेल्या बायकांची. ती इतकी लांबली की लेखक-चित्रकारांना तिची दखल घ्यावी लागली. स्पायडरमॅनची मैत्रीण ग्वेन स्टेसी तर त्याआधी, १९७३ मध्येच गेली होती.

बॅटगर्लची, म्हणजे बार्बरा गॉर्डनची कथा मी मोठ्या मुलींना मुद्दाम सांगते. १९६७ मध्ये ती आली ती ग्रंथपाल म्हणून, डॉक्टरेट मिळवलेली. १९८८ च्या 'द किलिंग जोक'मध्ये जोकर तिला गोळी घालतो आणि ती चाकाच्या खुर्चीला खिळते. तिच्या वडिलांना वेड लागावं म्हणून हा घाला घातलेला. किम येल या लेखिकेला हे सहन झालं नाही. तिने आणि तिचा नवरा जॉन ऑस्ट्रँडर याने १९८९ पासून बार्बराला नव्याने उभं केलं. त्याच खुर्चीत बसून, संगणकाच्या जोरावर सगळ्या नायकांना माहिती पुरवणारी 'ऑरॅकल'. आणि ती यादी करणाऱ्या गेल सिमोन २००३ पासून 'बर्ड्स ऑफ प्रे' लिहू लागल्या, त्यात हीच ऑरॅकल संघाची सूत्रधार होती.

ज्यांना राग आला, त्यांनी लेखणी हातात घेतली. मुलींना मी हेच सांगते. दुःख दाखवू नये असं नाही. आमच्या आवासातल्या मुलींनी दुःख पुस्तकात पाहण्याआधी शेजारच्या घरात पाहिलेलं असतं. ते दुःख जिचं आहे तिच्याच गोष्टीत त्याला जागा मिळावी, एवढंच म्हणणं आहे.

३. कपड्यांचं शिवणाऱ्या बाईला विचारा

सुपरहिरॉइनच्या कपड्यांवर बोलणं निघालं की लगेच संस्कृतीचा वाद सुरू होतो. आमच्या वर्गात तो एका शिवणकाम करणाऱ्या काकूंनी मिटवला. मुलीला न्यायला आल्या होत्या. मुखपृष्ठावरच्या नायिकेकडे त्यांनी ब्लाउजच्या मापाला आलेल्या गिऱ्हाइकाकडे पाहावं तसं नीट पाहिलं. मग बोट ठेवून एकेक सांगू लागल्या. खांद्याला पट्टी नाही, मग हे वर टिकलंय कशावर? हात उचलला की बगलेत उसवणार. कमरेला शिवणीत जागा सोडलेली नाही, वाकली की फाटणार. एवढ्या उंच टाचेवर धावली तर पाय मुरगळणार. शेवटी म्हणाल्या, "हे तिच्या अंगासाठी शिवलेलं नाहीच. बघणाऱ्याच्या डोळ्यांसाठी शिवलंय."

त्यांनी अब्रूचा किंवा मर्यादेचा प्रश्न काढलाच नाही. कामाचा काढला. लढणाऱ्या बाईचे कपडे लढण्याच्या सोयीचे हवेत. शेजारच्या पानावर पुरुष नायक नखशिखान्त झाकलेला होता, हेही मुलींनी तेव्हाच हेरलं. २०१२ मध्ये काही चित्रकारांनी 'हॉकआय' या पुरुष नायकाला बायकांच्या नेहमीच्या मुरडलेल्या पवित्र्यांत काढायला सुरुवात केली, तेव्हा ती चित्रं किती अशक्य आहेत ते जगाला एका नजरेत दिसलं.

ऑक्टोबर २०१६ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी वंडर वुमनला मुली-स्त्रियांच्या सक्षमीकरणाची मानद राजदूत केलं. तिथल्याच कर्मचाऱ्यांनी विरोध केला, हजारोंनी सह्या केल्या आणि डिसेंबरमध्ये ती मोहीम संपली. मला दोन्ही बाजूंचं म्हणणं कळतं. ती अनेकींची लाडकी नायिका आहे हे खरं, आणि तिचं शरीर तिच्या कामापेक्षा जास्त रंगवलं गेलं हेही खरं. म्हणूनच राग चित्र काढणाऱ्याच्या नजरेवर काढावा, त्या बाईवर नव्हे. हा फरक मुलींना लहानपणीच कळायला हवा, कारण उद्या त्यांच्या स्वतःच्या कपड्यांवर बोलणारे चौकात उभे असतातच.

४. देवी करून मोकळं होऊ नका

आपल्याकडे बाईला बळ द्यायचं म्हटलं की पहिल्यांदा देवी आठवते. राज कॉमिक्सची 'शक्ती' कालीच्या कृपेने लढते. अमर चित्र कथेत सावित्री आहे, पद्मिनी आहे आणि झाशीची राणीही आहे. मुलींनी या तिघींना शेजारी शेजारी ठेवून पाहिलं. एकीचं मोठेपण नवऱ्याचे प्राण परत आणण्यात, दुसरीचं जोहारात, तिसरीचं घोड्यावर बसून राज्य राखण्यात. ठिपके कुठे जास्त पडले असतील ते सांगायला नको.

दिल्लीतल्या डिसेंबर २०१२ च्या सामूहिक बलात्काराच्या घटनेनंतर राम देवीनेनी आणि डॅन गोल्डमन यांनी 'प्रियाज शक्ती' हे कॉमिक केलं. डिसेंबर २०१४ मध्ये ते मुंबईच्या कॉमिक कॉनमध्ये आलं. बलात्कार सोसलेल्या प्रियाला घरचे आणि गाव दोष देतात, ती जंगलात निघून जाते. पार्वतीच्या साहाय्याने ती आपलं भय जिंकते, वाघावर स्वार होऊन परतते आणि लोकांना बोलतं करते. पुढच्या भागांत अॅसिड हल्ला आणि मुलींची विक्री हे विषय आले. प्रिया कुणाचा गळा चिरत नाही, लोकांचं मन बदलते, हे मला मोलाचं वाटतं.

तरी आमच्या वर्गात प्रश्न आलाच. "बेन, देवी आली नसती तर?" या प्रश्नाला मी घाईने उत्तर दिलं नाही. मुलीच आपापसात बोलल्या. आई आली असती तर, पोलिसांनी तक्रार लिहून घेतली असती तर, गावातली एक बाई जरी शेजारी उभी राहिली असती तर. नवरात्रात नऊ रात्री गरबा होतो, देवीला डोक्यावर घेतलं जातं आणि दहाव्या दिवशी त्याच घरातल्या मुलीची शाळा सुटते, हे त्यांनी पाहिलेलं आहे. पूजेने बाईला उंची मिळते, हक्क मिळत नाही. हक्काला माणसं लागतात.

५. चित्रामागचा हात कोणाचा, ते बघा

वंडर वुमन १९४१ च्या अखेरीस आली. तिला जन्म देणारे विल्यम मार्स्टन मानसशास्त्रज्ञ होते, खोटं पकडण्याच्या यंत्रामागच्या संशोधनात त्यांचं नाव आहे. पत्नी एलिझाबेथ आणि त्यांच्याच घरात राहणाऱ्या ऑलिव्ह बर्न, या दोघींची छाप त्या नायिकेवर आहे. तिची मनगटावरची कडी ऑलिव्ह यांच्या कड्यांवरून घेतलेली. आणि ऑलिव्ह ही संततिनियमनाच्या चळवळीतल्या मार्गारेट सँगर यांची भाची. म्हणजे संततिनियमनाची चळवळ थेट या कॉमिकच्या घरात नांदत होती.

पण हात बदलले की बाईही बदलते. दुसऱ्या लेखकांनी तिला जस्टिस सोसायटी या सुपरहिरोंच्या संघात घेतलं आणि सेक्रेटरी करून बसवलं. मार्स्टन १९४७ मध्ये गेले. १९६८ मध्ये तर तिच्या शक्तीच काढून घेतल्या. जुलै १९७२ मध्ये स्त्रीवादी लेखिका ग्लोरिया स्टायनम यांच्या 'मिस' मासिकाने तिला मुखपृष्ठावर घेऊन जाब विचारला आणि पुढच्याच वर्षी तिच्या शक्ती परतल्या.

म्हणून आम्ही आता प्रत्येक कॉमिकचं पहिलं पान वाचतो. लेखक कोण, चित्रकार कोण, संपादक कोण. मुली ही नावं वहीत उतरवून घेतात. आपलं नाव तिथे छापलं जाऊ शकतं, हे आधी त्यांच्या डोळ्यांना दिसावं लागतं.

६. घर असलेली नायिका द्या

आमच्या मुलींचं सगळ्यात जास्त प्रेम बसलं ते कमला खानवर. ती २०१३ मध्ये आली आणि २०१४ पासून तिचं स्वतःचं 'मिस मार्व्हल' सुरू झालं. लेखिका जी. विलो विल्सन, चित्रकार एड्रियन अल्फोना, कल्पनेमागे संपादक सना अमानत. २०१५ मध्ये त्याच्या पहिल्या पुस्तकाला ह्यूगो पुरस्कार मिळाला. कमला जर्सी सिटीतल्या पाकिस्तानी कुटुंबातली सोळा वर्षांची मुलगी. शक्ती येताच ती आधी सोनेरी केसांची, गोरी नायिका होऊन बघते. ते रूप तिला मानवत नाही. मग ती स्वतःच्याच रूपात, बुर्किनीपासून बनवलेला पोशाख घालून लढायला उतरते. तो पोशाख शिवणकामवाल्या काकूंनाही पसंत पडला.

कमला का आवडते, हे कोसाडमध्ये समजावून सांगावं लागत नाही. इथल्या मुलीच्या घरी अहिराणी, शाळेत मराठी, रस्त्यावर गुजराती आणि टीव्हीवर हिंदी. गावाकडे गेलं की त्या 'सुरतवाल्या' आणि सुरतेत 'मराठी'. आईचा धाक, भावाचे जास्तीचे लाड, परीक्षा, या सगळ्यातून वाट काढून जगाला वाचवायचं हे त्यांना कुठल्याही अंतराळयुद्धापेक्षा खरं वाटतं. टिंकलने २०१५ मध्ये आणलेली 'विंगस्टार' मिझोरामची शाळकरी मुलगी आहे, तिच्याशीही त्यांची गट्टी जमली. नायिकेला घर द्या, घरातली कटकट द्या आणि त्यातून तिला स्वतःचं ठरवू द्या. मग मुली स्वतःला तिच्या जागी ठेवून पाहतात.

७. मुलग्यांनाही शेजारी बसवा

वर्ग मुलींचा असला तरी भाऊ मागे मागे येतातच. मी त्यांना हाकलत नाही, पेन्सिल देते. नागराज आणि ध्रुवचे भक्त असलेले हे मुलगे ठिपके द्यायला बसले की थोड्या वेळाने गप्प होतात. एकाने विचारलं, "मग नागराजच्या गोष्टींतली विसर्पी नागद्वीपची राणी असून एवढी कमी का दिसते?" हा प्रश्न मुलीने विचारला असता तर घरी कुणी मनावर घेतला नसता. मुलग्याने तो घरी जाऊन बापापुढे विचारला. बाईची गोष्ट वाचता आलेला मुलगा पुढे बहिणीच्या शाळेसाठी घरात तोंड उघडतो, हे मी पाहिलं आहे. आणि बाईचं सुख-दुःख नायकाच्या नजरेतूनच पाहत वाढलेला मुलगा पुढे बायकोलाही आपल्याच गोष्टीतली एक चौकट समजतो.

८. परक्या नायिकेवर थांबू नका, आपल्या जिल्ह्यातलीही शोधा

कोसाड स्टेशनवरून गाडी पुढे गोठणगाम, सायणकडे जाते. तो ओलपाड तालुका. १८८१ मध्ये याच ओलपाडच्या विजयालक्ष्मी नावाच्या तरुण ब्राह्मण विधवेवर सुरतेच्या न्यायालयात खटला चालला. लोकलाजेपायी नवजात बाळाला मारल्याचा आरोप. फाशीची शिक्षा झाली, अपिलात ती काळ्या पाण्यावर आली. पुण्याच्या एका सनातनी वर्तमानपत्राने या निमित्ताने बायकांच्या चालीवर आग ओकली. ते वाचून बुलढाण्यात ताराबाई शिंदे पेटून उठल्या आणि १८८२ मध्ये पुण्याच्या श्री शिवाजी छापखान्यातून त्यांची 'स्त्रीपुरुषतुलना' छापून निघाली.

ताराबाईंनी विचारलं की जे दोष बायकांच्या माथी मारता, ते पुरुषांत नाहीत का? आणि तिथेच न थांबता त्यांनी पोथ्या-पुराणांत आणि त्या काळच्या नाटक-कादंबऱ्यांत बाई कशी रंगवली जाते, याचाही हिशेब मागितला. गेल सिमोन यांच्या यादीच्या शंभराहून अधिक वर्षं आधी, मराठीत, आणि तेही आमच्या शेजारच्या गावातल्या एका खटल्यावरून! जोतीराव फुले त्यांच्या बाजूने उभे राहिले. तरी पुस्तक विस्मरणात गेलं, ते १९७५ मध्ये स. गं. मालशे यांनी पुन्हा छापलं.

ही हकिकत मी मोठ्या मुलींना आणि त्यांच्या आयांना सांगितली. टिकल्या चिकटवता चिकटवता एका आईचा हात थांबला. तिने विचारलं, "आणि बाळाचा बाप? त्याला कोणी कोर्टात उभं केलं?" ताराबाईंचा रोख नेमका तिथेच होता. पुढच्या शनिवारी मुलींनी या खटल्याचं कॉमिक काढायला घेतलं. वाद झाला तो पहिल्या चौकटीवरून. न्यायाधीश मध्ये काढायचा की विजयालक्ष्मी? विजयालक्ष्मी मध्ये आली, न्यायाधीश कोपऱ्यात गेला आणि तिच्या तोंडी मुलींनी प्रश्न घातला: "माझ्यासोबत आणखी कोण दोषी आहे, ते लिहून घेता का?"

मराठीला असल्या कॉमिक्सची गरज आहे. जोतीराव-सावित्रीबाईंवरचं 'अ गार्डनर इन द वेस्टलँड' हे सुंदर चित्रपुस्तक २०११ मध्ये इंग्रजीत निघालं. ताराबाई, रखमाबाई, आनंदीबाई, मुक्ता साळवे यांच्या आयुष्यात कुठल्याही सुपरहिरोपेक्षा कमी थरार नाही. प्रकाशकांनी त्यांच्यावरची कॉमिक्स मराठीत काढावीत, स्वस्तात काढावीत आणि महाराष्ट्राबाहेरच्या मराठी शाळांपर्यंत पोचवावीत. लेखिका आणि चित्रकर्त्या शोधून त्यांच्याकडून करून घ्यावीत.

तोवर आई-वडिलांनी एक करावं. मुलीच्या हातातलं कॉमिक काढून घेऊ नये. शेजारी बसून विचारावं: यातलं ठरवतं कोण? हिचं दुःख कुणाच्या कामी येतं? तू लिहिलं असतंस तर काय बदललं असतंस? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर ती देऊ लागली की तिला एक कोरी वही घेऊन द्यावी. तिच्या हातून गोष्ट बदलायला तिथूनच सुरुवात होते.